ऑनलाइन दुकानाच्या डेमोत ऑब्झर्वेबिलिटी दाखवायची कशी? कोल्हापूरकरांनो, सुचवा

रंकाळाकाठ | शुक्रवार, रात्री ९:१५

मंडळी नमस्कार. पुढच्या रविवारी राजारामपुरीत एका हॉलवर आम्ही चारपाचजण मिळून इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाच्या पोरांसाठी दीड तासाचं सेशन घेतोय. विषय, मायक्रोसर्व्हिसेसवर (एका मोठ्या प्रोग्रॅमऐवजी एकमेकांशी बोलणाऱ्या छोट्या छोट्या सर्व्हिसेसवर) चालणाऱ्या ऑनलाइन दुकानात ऑब्झर्वेबिलिटी, म्हणजे बाहेर दिसतंय त्यावरून आत काय बिघडलंय ते ओळखता येणं. साठेक पोरं येतील, शिवाय गावातले दोनचार सॉफ्टवेअरवाले आणि ऑनलाइन माल विकणारे व्यापारीपण येतो म्हणालेत.

मागच्या वर्षी हाच विषय मी घेतला होता. चाळीस मिनिटं ग्राफानाचे (आलेख दाखवणारं सॉफ्टवेअर) डॅशबोर्ड दाखवले, हा सीपीयू, ही मेमरी, ह्या सेकंदाला इतक्या रिक्वेस्ट. सगळे ग्राफ सरळ चाललेले. पंधराव्या मिनिटाला पोरांचे मोबाईल बाहेर आले. शेवटी एका पोरीनं विचारलं, "सर, हे सगळं बघून तुम्हाला नेमकं कळतं काय?" तिला त्या दिवशी नीट उत्तर देता आलं नाही, ते अजून डोक्यात आहे.

तयार दुकान हाताशी आहे, ओपनटेलिमेट्रीवाल्यांचा (सर्व्हिसेसच्या आतली माहिती गोळा करायची साधनं बनवणारे) ॲस्ट्रॉनॉमी शॉप. दुर्बिणी विकणारं खोटं दुकान, गूगलच्या ऑनलाइन बुटीक डेमोवरून काढलेलं, डॉकर कंपोझनं, म्हणजे एका कमांडनं, उठतं. पण मनात असं येतं की आपल्या गावात दुर्बिणी कशाला, चपलांचं दुकान स्वतः लिहावं. काय करू? आणि दीड तासात काय दाखवलं म्हणजे पोरांना खरंच कळेल?

तांबडा_रस्सा | ९:३१

दुकान चालू असताना कोण बघतंय भावा. बंद पाड. सगळ्यांसमोर बंद पाड आणि मग शोधायला लाव.

गुळाची_ढेप | ९:५८

मला आधी मुळातलाच प्रश्न आहे. आपल्याकडच्या दुकानाला मायक्रोसर्व्हिसेस लागतात कशाला? मी शाहूपुरीतल्या तीन व्यापाऱ्यांच्या साईट सांभाळतो, एक पीएचपी, एक मायएसक्यूएल, झालं. काही अडलं तर लॉग फाईल उघडतो, ग्रेप मारतो (शब्द शोधतो), दोन मिनिटात सापडतं. आधी एकाचे पंधरा तुकडे करायचे आणि मग कुठला तुकडा दुखतोय ते बघायला आणखी पाच सॉफ्टवेअर बसवायची, हे मला पटत नाही. पोरांना हेच भारी वाटायला लागलं तर उद्या दहा ऑर्डरीच्या दुकानालापण कुबरनेटीससारखी ढीगभर सर्व्हिसेस सांभाळायची यंत्रणा लावतील.

रंकाळाकाठ | १०:०६

@गुळाची_ढेप मुद्दा बरोबर आहे आणि सेशनमध्ये हे बोलणारच आहे. पण ही पोरं सहा महिन्यांनी पुण्याला नाहीतर बंगलोरला जाणार, तिथं पहिल्याच दिवशी चाळीस सर्व्हिसेस समोर असतात. तिथं ग्रेप मारायचं कुठल्या मशीनवर, हाच पहिला प्रश्न असतो.

रात्रपाळी_एसआरई | ११:२०

मी पुण्यात एका मोठ्या ऑनलाइन विक्री कंपनीत होतो, नाव सांगत नाही. दिवाळीच्या सेलची रात्र. अकरा वाजता कस्टमर केअरचा फोन, लोकांचे पैसे कटालेत आणि ऑर्डर दिसेना. आम्ही डॅशबोर्ड बघतोय, सगळं हिरवं. चेकआऊटचा सरासरी वेळ साडेपाचशे मिलिसेकंद. सेलच्या मानानं छानच की.

आता त्या सरासरीचा हिशोब बघा, पोरांना फळ्यावर हाच करून दाखवा. शंभर रिक्वेस्ट घ्या. ९७ जणांना २०० मिलिसेकंद लागले आणि तिघांना १२ सेकंद. सरासरी येते साधारण ५५० मिलिसेकंद. पी९५, म्हणजे शंभरातल्या ९५ रिक्वेस्ट ज्याच्या आत संपतात तो वेळ, बघितला तर तोपण २००च. पी९९ला गेलं की मग १२ सेकंद दिसतात. ते तीन टक्के लोक म्हणजे सेलच्या रात्री हजारो माणसं, आणि आमच्या डॅशबोर्डवर फक्त सरासरी होती.

मग शोधायला बसलो. पाच तास. चार सर्व्हिसचे लॉग चार ठिकाणाहून उतरवले, एक्सेलमध्ये एकाखाली एक चिकटवले आणि वेळेप्रमाणे लावले. जुळेचनात. ऑर्डरच्या आधी पेमेंट झालेलं दिसायचं. पहाटे तीनला कळलं की एका मशीनचं घड्याळ ४० सेकंद मागं आहे. ते ४० सेकंद हातानं मिळवले तेव्हा चित्र उभं राहिलं. कूपन तपासणारी सर्व्हिस अडकत होती, चेकआऊट तिला तीनदा विचारायचा, आणि फ्रंटएंड चेकआऊटला तीनदा. म्हणजे गिऱ्हाईकानं बटण एकदा दाबलं तर त्या आधीच दमलेल्या कूपन सर्व्हिसवर नऊ कॉल. मधल्या मध्ये पेमेंट होऊन जायचं आणि वरचा टाईमआऊट होऊन ऑर्डर फसायची.

सकाळी साडेसहाला घरी निघालो तेव्हा सोसायटीत अभ्यंगस्नानाची गडबड चाललेली, उटण्याचा वास. ती पहाट मी विसरणार नाही. त्या ऑर्डरला पहिल्या पावलापासून एकच ट्रेस आयडी, म्हणजे सगळ्या सर्व्हिसेसमधून तिच्याबरोबर जाणारा एकच नंबर, असता तर हे नऊ कॉल एका स्क्रीनवर एकाखाली एक दिसले असते. @रंकाळाकाठ, त्या पोरीला हे सांगा. तिच्या प्रश्नाचं उत्तर हेच आहे.

रंकाळाकाठ | ११:३४

हे वाचून अंगावर काटा आला. तो शंभर रिक्वेस्टचा हिशोब घेतो, परवानगी धरून चालतो.

पाणी_किती_आलं | शनिवार, सकाळी ७:१०

कोल्हापूरच्या पोरांना शिकवायचं तर उदाहरण दारात आहे की. पावसाळ्यात सकाळी उठल्या उठल्या आपण काय विचारतो? राजाराम बंधाऱ्याला पाणी किती फूट. ३९ ला इशारा, ४३ ला धोका. हा झाला मेट्रिक. एक आकडा, वेळेबरोबर वरखाली होणारा, मर्यादा ओलांडली की अलार्म.

पण फूट वाढालेत एवढं कळून भागतंय का? का वाढालेत ते कळायला राधानगरी धरणाचे स्वयंचलित दरवाजे किती उघडले, कधी उघडले, ह्याच्या नोंदी बघायच्या. ते लॉग. आणि ते पाणी भोगावतीतून निघून, कासारी, कुंभी, तुळशीचं पाणी मिळत मिळत प्रयाग चिखलीवरून पंचगंगेला लागून बंधाऱ्यापर्यंत कसं आलं, कुठं किती वेळ लागला, तो सगळा प्रवास म्हणजे ट्रेस. तिन्ही एकत्र बघितलं की सुतार वाड्यातल्या माणसाला सामान कधी हलवायचं ते सांगता येतं.

तांबडा_रस्सा | ७:२२

नाद खुळा. हेच घ्या.

स्पॅन_मोजणारा | ८:४५

@पाणी_किती_आलं उदाहरण सुंदर आहे, पण एका ठिकाणी मी अडतो. ३९ आणि ४३ हे आकडे आपल्याला आधीपासून माहीत आहेत, कुठं मोजायचं तेपण माहीत आहे. हे मॉनिटरिंग. ठरलेल्या प्रश्नाचं ठरलेलं उत्तर. ऑब्झर्वेबिलिटीचा शब्द कंट्रोल थिअरीतून आलाय, रुडॉल्फ कालमान यांनी १९६० च्या सुमाराला मांडलेला. बाहेर जे दिसतंय त्यावरून आतली अवस्था ओळखता येते का, हा त्यातला प्रश्न. सॉफ्टवेअरमध्ये त्याचा अर्थ असा की जो प्रश्न आधी कुणाला सुचलाच नव्हता तो आज विचारला तरी नवीन कोड न टाकता उत्तर मिळालं पाहिजे.

२०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा फूट सगळ्यांना माहीत होते. आमच्या गल्लीचा प्रश्न वेगळाच होता, शेजारच्या गल्लीत पाणी नाही आणि आमच्याच गल्लीत का आलं. त्याचं उत्तर बंधाऱ्यावरच्या पट्टीवर नव्हतं. नंतर कळलं, पाणी नाल्यातून उलटं फिरून आलेलं.

पाणी_किती_आलं | ९:०२

@स्पॅन_मोजणारा मान्य. मग दोन्ही सांगा. आधी बंधाऱ्याची पट्टी, मग तुमची गल्ली. पोरांना फरक एका झटक्यात कळंल.

चप्पल_लाईन | ९:४०

मी सॉफ्टवेअरवाला नाही, व्यापारी आहे, रविवारी येणार आहे म्हणून लिहितोय. आमचं घरचं चपलांचं काम, तिसरी पिढी. कोल्हापुरी चपलेला २०१९ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालं, महाराष्ट्रातले चार आणि कर्नाटकातले चार जिल्हे मिळून, त्यानंतर आम्हीपण ऑनलाइन विकायला लागलो. साईट एकाकडून करून घेतली.

माझी अडचण ऐका. महिन्याला साईट बरी चालली असा रिपोर्ट येतो. पण आमची कापशी चप्पल, जी दुकानात सगळ्यात जास्त जाते, ती ऑनलाइन जाईना. मला वाटलं लोकांना किंमत जास्त वाटालीय. दोनशे रुपये कमी केले. तरी नाही. चार महिन्यांनी माझ्या मेहुण्यानं मुंबईवरून घ्यायचा प्रयत्न केला आणि फोन केला, "दाजी, कापशीवर टिचकी मारली की पान उघडतच नाही." बाकी सगळ्या चपला उघडालत्या. चार महिने! कातडं कमावण्यापासून वेणी घालण्यापर्यंत ज्याच्यावर माणसं राबतात तो जोड दुकानात दिसतच नव्हता, आणि मला वाटालतं मालातच खोट आहे.

तुमच्या ह्या ऑब्झर्वेबिलिटीनं हे कळलं असतं का? एवढंच सांगा.

स्पॅन_मोजणारा | १०:१५

@चप्पल_लाईन कळलं असतं दादा, आणि तुमची ही गोष्ट त्या तयार डेमोत जशीच्या तशी आहे. ॲस्ट्रॉनॉमी शॉपमध्ये बिघाड चालू करायची बटणं दिलीत, फीचर फ्लॅग. त्यातलं एक बटण दाबलं की प्रॉडक्ट कॅटलॉग फक्त एकाच वस्तूसाठी एरर देतो, बाकी दुकान व्यवस्थित. एकूण एररचं प्रमाण जरासंच हलतं, तुमच्या महिन्याच्या रिपोर्टसारखं. पण कॅटलॉगच्या स्पॅनवर (स्पॅन म्हणजे ट्रेसमधला एकेका कामाचा तुकडा) प्रॉडक्टचा आयडी चिकटवलेला असतो. येगरमध्ये (ट्रेस साठवून दाखवणारं सॉफ्टवेअर) जायचं, फक्त एरर आलेले ट्रेस मागायचे, दोनचार उघडायचे. सगळ्यांत तोच आयडी. दोन मिनिटांचं काम.

@रंकाळाकाठ तुमचा पहिला बिघाड हाच. ठरलं.

रात्रपाळी_एसआरई | १०:२८

आणि एक काळजी. प्रॉडक्ट आयडी, ऑर्डर आयडी चिकटवा, पण गिऱ्हाईकाचा मोबाईल नंबर, पत्ता, कार्डचा नंबर स्पॅनवर किंवा लॉगमध्ये जाऊ देऊ नका. पोरं उत्साहात सगळी रिक्वेस्ट जशीच्या तशी लॉग करतात. ही सवय पहिल्या दिवशीच मोडायला पाहिजे.

महाद्वार_ते_बिंदूचौक | ११:५०

तयार डेमोला माझा विरोध आहे. कारण साधं आहे, त्याला रॅम सहा जीबी लागते आणि पोरांचे लॅपटॉप आठ जीबीचे. विंडोज, क्रोम आणि वर हे. मी करून बघितलंय, माऊस हलायचा बंद होतो. दुसरं म्हणजे त्यात भाषा किती! चेकआऊट गो मध्ये, शिपिंग रस्टमध्ये, ईमेल रुबीत, कोट पीएचपीत, करन्सी सी प्लस प्लस, फ्रॉड डिटेक्शन कोटलिन. पोरांनी जावा आणि पायथॉन शिकलंय. घाबरतील.

त्यापेक्षा चार सर्व्हिसचं आपलं चपलांचं दुकान लिहा. कॅटलॉग, कार्ट, ऑर्डर, पेमेंट. पोरांना कोड पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचता आला पाहिजे.

स्पॅन_मोजणारा | १२:१०

मला नाही पटत. भाषा जास्त आहेत तोच तर त्या डेमोचा मुद्दा आहे. ओपनटेलिमेट्री २०१९ ला ओपनट्रेसिंग आणि ओपनसेन्सस हे दोन प्रकल्प एकत्र करून झाली ती कशासाठी? कुठल्याही भाषेतली सर्व्हिस असो, ट्रेस एकाच बोलीत बोलला पाहिजे म्हणून. रुबीतला आणि रस्टमधला स्पॅन एकाच झाडावर लटकलेला दिसतो, ते बघून मला पहिल्यांदा खरंच आनंद झालेला. शिवाय आठवडाभरात दुकान लिहायचं, त्यात बिघाड पेरायचे, लोड जनरेटर लावायचा, एवढा वेळ कुणाकडं आहे. तिथं लोकस्ट आयता बसवलेला आहे, गिऱ्हाईकं आपोआप येत राहतात. लॅपटॉप प्रत्येकाचा नको, एकाच मशीनवर चालवा आणि पोरांना ब्राऊझरमधून जोडा.

महाद्वार_ते_बिंदूचौक | १२:१९

एकाच मशीनवर चालवणार असाल तर रॅमचा मुद्दा मागे घेतो. कोड वाचता आला पाहिजे हा मुद्दा राहतो.

वीस_वर्षं_खडू | दुपारी २:३५

मी कॉलेजात शिकवते. तुमची चर्चा वाचून बरं वाटलं, पण तुम्ही सगळे एक गोष्ट धरून चाललाय, की मुलांना ट्रेस आयडी एका सर्व्हिसकडून दुसरीकडे जातो कसा हे माहीत आहे. नाही माहीत. त्यांना वाटतं येगर वरून कुठूनतरी बघतो आणि त्याला सगळं दिसतं.

मी वर्गात काय करते ते सांगते. सहा मुलांना उभं करते. फ्रंटएंड, कार्ट, चेकआऊट, पेमेंट, शिपिंग, ईमेल. एक मुलगा बाहेर वही घेऊन बसतो, तो येगर. फ्रंटएंडच्या हातात मी चिठ्ठी देते, "कापशी, नंबर ८, एक जोड." चिठ्ठीच्या कोपऱ्यात लाल पेनानं एक नंबर. नियम असा, पुढच्याला काम सांगताना तो लाल नंबर आपल्या चिठ्ठीवर उतरवायचा, स्वतःचा एक निळा नंबर घालायचा आणि काम झाल्यावर वहीवाल्याला सांगायचं, लाल अमुक, निळा तमुक, मला कुणी सांगितलं त्याचा निळा तमुक, इतके सेकंद लागले. वहीवाला काही बघत नाही, फक्त ऐकून लिहितो. शेवटी वही वाचली की झाड तयार.

मग दुसऱ्या फेरीला पेमेंटच्या मुलाला मी हळूच सांगते, लाल नंबर उतरवू नकोस, नवीनच घाल. वहीत दोन झाडं होतात. पहिलं चेकआऊटपाशी तुटतं, आणि दुसरं एक अनाथ पेमेंट, कुणाचं ते कळत नाही. वर्ग गप्प होतो. त्यानंतर मी फळ्यावर ट्रेसपॅरेंट हेडर, म्हणजे प्रत्येक रिक्वेस्टबरोबर जाणारी खरी चिठ्ठी, लिहिते. सुरुवातीला आवृत्ती, मग ३२ अक्षरी ट्रेस आयडी, मग १६ अक्षरी स्पॅन आयडी, शेवटी फ्लॅग. त्यातला ३२ चा तुकडा म्हणजे आपला लाल नंबर, १६ चा म्हणजे निळा. आजपर्यंत एकाही बॅचला हे परत समजवावं लागलेलं नाही.

रंकाळाकाठ | २:५०

मॅडम, हे मी सुरुवातीलाच घेणार. तुम्ही रविवारी येऊ शकाल का? चिठ्ठ्यांचा खेळ तुम्हीच घ्या, मी वही घेऊन बसतो.

वीस_वर्षं_खडू | ३:०४

येते. लाल पेनं आणते.

कात्यायनी_रोड | ३:३०

सेशननंतर मिसळ आहे का? फडतरेला रविवारी रांग असते, आत्ताच ठरवा.

तांबडा_रस्सा | ३:३३

बावड्याला चला, साठ माणसं कुठं मावणार.

कात्यायनी_रोड | ३:३५

साठ जणांत कट एक्स्ट्रा मागणारे पन्नास. आधी सांगून ठेवायला लागतंय.

प्रोमिथिअसचा_शेजारी | सायंकाळी ६:१५

विषयावर येतो. मेट्रिकबद्दल एक चूक सगळी पोरं करतात ती दाखवाच. चप्पल_लाईन दादांची गोष्ट ऐकली की पोरं म्हणणार, सोपं आहे, प्रोमिथिअसमध्ये (मेट्रिक साठवणारं सॉफ्टवेअर) प्रत्येक गिऱ्हाईकाचा आयडी लेबल म्हणून टाकू. २० एंडपॉइंट (साईटचे पत्ते), ५ स्टेटस कोड (उत्तराचे प्रकार) आणि १०,००० गिऱ्हाईकं. गुणाकार करा, १० लाख टाईम सिरीज (वेगवेगळ्या साठवायच्या आकड्यांच्या ओळी), एका मेट्रिकच्या. प्रोमिथिअस बसतो खाली. ज्याच्या किमती मोजक्या आहेत ते लेबलमध्ये, आणि जे लाखात आहे ते ट्रेस आणि लॉगमध्ये. मेट्रिक सांगतो काहीतरी बिघडलंय, ट्रेस सांगतो कुठं, लॉग सांगतो नेमकं काय. ही चाल ठेवा.

आणि प्रत्येक ट्रेस साठवायचा का, हा प्रश्न येणारच. मोठ्या दुकानाला परवडत नाही. सुरुवातीलाच शंभरातला एक निवडला तर स्वस्त पडतं, पण नेमका बिघडलेला निसटू शकतो. ट्रेस पूर्ण झाल्यावर निवडलं तर एररवाले आणि हळू चाललेले सगळे ठेवता येतात, पण तोवर सगळे स्पॅन कलेक्टरच्या (स्पॅन गोळा करणाऱ्या प्रोग्रॅमच्या) मेमरीत धरून ठेवायला लागतात.

गुळाची_ढेप | रविवार, रात्री १०:४०

शुक्रवारी मी वर विरोध केला होता. काल रात्री चप्पल_लाईन यांची गोष्ट डोक्यातून जाईना, म्हणून माझ्या एका साईटवर, त्याच साध्या पीएचपीच्या, ओपनटेलिमेट्री बसवून बघितली. एकच ॲप, एकही मायक्रोसर्व्हिस नाही.

गुळाच्या प्रकारांचं एक पान आहे, सेंद्रिय, साधा, काकवी वगैरे. ते पान नेहमी जरा जड उघडायचं, मी म्हणायचो होस्टिंग स्वस्तातलं आहे. ट्रेस उघडला तर खाली स्पॅनची लांबच लांब शिडी. स्क्रोल करतोय करतोय संपेना. एका पानासाठी डेटाबेसला २१४ क्वेरी. प्रत्येक वस्तूची किंमत वेगळी, फोटो वेगळा, वजनाचे पर्याय वेगळे, एकेक करून आणालतं. क्वेरी एकेकटी दोन मिलिसेकंदाची, म्हणून स्लो क्वेरीच्या लॉगमध्ये कधीच आली नाही. कोड माझाच आहे, चार वर्षांपूर्वीचा. तीन क्वेरीवर आणलं. पान आता टिचकी मारली की समोर.

मायक्रोसर्व्हिसेस उगाच करू नयेत ह्यावर मी ठाम आहे. पण ट्रेस फक्त मायक्रोसर्व्हिसवाल्यांसाठी आहे असं मी समजत होतो, ते चूक होतं.

रात्रपाळी_एसआरई | १०:५२

@गुळाची_ढेप हे रविवारी पोरांना तुम्ही स्वतः सांगा. दहा मिनिटं घ्या.

गुळाची_ढेप | १०:५५

सांगतो की. शिडीचा फोटो काढून ठेवलाय.

रंकाळाकाठ | बुधवार, रात्री ११:१०

आज रंगीत तालीम केली, सविस्तर लिहितो कारण ह्यातलं निम्मं तुमचंच आहे.

दुकान तयार डेमोचंच ठेवलं, ३२ जीबीच्या एका मशीनवर. फक्त प्रॉडक्टच्या यादीतली नावं आणि फोटो बदलले, दुर्बिणीच्या जागी चपला. @महाद्वार_ते_बिंदूचौक, कोडचं तुमचं म्हणणं अर्धं मानलं, चेकआऊटची एकच फाईल प्रिंट काढून पोरांना देणार, बाकीच्यांकडं बघायचंच नाही. इमेजेस सगळ्या आधी उतरवून ठेवल्या, हॉलच्या वायफायवर विसंबायचं नाही.

तालमीला दोन पोरं बोलावली होती, दोघांनी येगर कधी बघितलेलं नाही. आधी दुकानातून एक जोड विकत घेतला, त्या एका ऑर्डरचा ट्रेस उघडून दिला आणि मी गप्प बसलो. फ्रंटएंड, चेकआऊट, मग कार्ट, कॅटलॉग, करन्सी, शिपिंग, पेमेंट, ईमेल अशा पट्ट्या एकाखाली एक. त्यातल्या पोरीनं बोट ठेवून विचारलं, "सर, ही अकाउंटिंगची पट्टी चेकआऊट संपल्यावर सुरू झालीय, हे कसं?" मी सांगायच्या आधी दुसराच म्हणाला, ऑर्डर काफ्कात (निरोपांच्या रांगेत) टाकली असेल, ह्यानं नंतर उचलली. कुणीही शिकवलेलं नाही, पट्ट्या बघून ओळखलं.

मग पहिला बिघाड, एकच प्रॉडक्ट. पोरांना एवढंच सांगितलं की एका व्यापाऱ्याचा फोन आलाय, विक्री कमी झालीय. सुरुवातीची पाच मिनिटं दोघं डॅशबोर्डच बघालते, सीपीयू ठीक, मेमरी ठीक. मला फार वाटालतं सांगून टाकावं. नाही सांगितलं. सहाव्या मिनिटाला पोरीनं एररचे ट्रेस मागवले, तीन उघडले, चौथा उघडला, आणि ओरडली, "सगळ्यात एकच आयडी आहे!" अकरा मिनिटं लागली. मागच्या वर्षीच्या चाळीस मिनिटांत जे झालं नाही ते ह्या अकरा मिनिटांत झालं.

दुसरा बिघाड रेकमेंडेशनच्या (गिऱ्हाईकाला आणखी वस्तू सुचवणारी सर्व्हिस) कॅशचा, म्हणजे तिच्या मेमरीतल्या साठ्याचा. मेमरीचा ग्राफ चढतो, चढतो, एकदम पडतो, परत चढतो, करवतीच्या दात्यासारखा. पडतो तेव्हा कंटेनर (सर्व्हिस ज्यात चालते ती पेटी) मरून परत उठलेला असतो. इथं मात्र ट्रेस आधी बघून काही कळेना, मेट्रिकवरूनच धागा सापडला. म्हणून हा दुसराच ठेवणार, नाहीतर पोरांना वाटायचं ट्रेस म्हणजेच सगळं.

एक अडचण. तिसऱ्या बिघाडाच्या मध्येच लाईट गेली, मशीन बंद, आणि परत उठवल्यावर जुने ट्रेस गायब. येगर ट्रेस मेमरीतच ठेवत होता, डिस्कवर काहीच नव्हतं. हॉलवाल्यांना इन्व्हर्टरचं सांगितलंय आणि तिसरा बिघाड काढूनच टाकला. दोनच. उरलेल्या वेळात चिठ्ठ्यांचा खेळ, शंभर रिक्वेस्टचा हिशोब, गुळाच्या पानाची शिडी. डॅशबोर्ड पहिल्या अर्ध्या तासात उघडायचाच नाही.

मागच्या वर्षी प्रश्न विचारणाऱ्या त्या पोरीला निरोप धाडलाय. तिला नोकरी लागलीय पुण्यात, पण येते म्हणाली.

पाणी_किती_आलं | ११:२५

अकरा मिनिटं गप्प बसलास, हे लई अवघड असतंय. शाब्बास.

स्पॅन_मोजणारा | ११:३१

तिसरा काढलास ते बरं केलंस. बंधारा आणि गल्ली विसरू नको.

चप्पल_लाईन | ११:४८

त्या दोन पोरांना माझा निरोप द्या, माझ्या दुकानाला चार महिने लागले ते त्यांनी अकरा मिनिटांत शोधलं.

रविवारी मी एक कापशी जोड घेऊन येतो, घरी केलेली, नवी कोरी, पहिले आठ दिवस करकर वाजणारच. जो गट पहिला बिघाड सगळ्यात आधी शोधेल त्याला. दादा, तेवढं गटात कुणाकुणाचा पाय किती नंबरचा ते आधी विचारून ठेवा, आठ आणि सात दोन्ही आणतो, मुलींच्या मापाचा वेगळा.